तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन उघडून का बघत नाही?

मंडळाच्या गणपतीत विचारतात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये विचारतात, मागे दाढ काढायला गेलो तर डेंटिस्टनंसुद्धा विचारलं. "तुमच्या पोर्शेचं इंजिन गेलंय असं मेकॅनिकनं सांगितलं होतं ना? मग अजून चालवताय कशी? एकदा उघडून का बघत नाही?" डेंटिस्टला उत्तर देण्याच्या स्थितीत मी नव्हतो. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळंच सांगतो.

गाडी 2006ची, 911 कॅरेरा एस, 3.8 लिटर. मी इंग्लंडात मिडलंड्समध्ये राहतो, तिथेच सेकंडहँड घेतली. तेव्हा 54,000 मैल झाले होते आणि पावत्यांची जाडजूड फाइल सोबत होती. या इंजिनाची बदनामी मला ठाऊक नव्हती असं नाही. 911च्या आधीच्या 996 मॉडेलात इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या एका मधल्या फिरत्या दांड्याचं, बेअरिंग फुटून अख्खं इंजिन भंगारात जायचं. अमेरिकेत ग्राहकांनी त्यावरून सामूहिक दावा लावला, 2013मध्ये तडजोड झाली. माझ्या गाडीत ते बेअरिंग मोठं आहे, त्यामुळे त्यानं कधी झोप उडवली नाही. झोप उडवली ती दुसऱ्या दुखण्यानं, बोअर स्कोरिंगनं. म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर पिस्टननं ओढलेले ओरखडे.

आपल्याकडच्या बऱ्याच इंजिनांत सिलिंडरला आतून बिडाचा लायनर, म्हणजे अस्तर, असतो. झिजला की बोअर करा, म्हणजे आतून कापून मोठा करा, नाहीतर नवा बसवा, गाडी परत रस्त्यावर. इथे ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि लायनर वेगळा नाहीच. भिंतीच्या धातूतच सिलिकॉनचे कठीण कण ओतलेले असतात आणि पिस्टन त्या कणांवर सरकतो. पिस्टनही ॲल्युमिनियमचा, म्हणून त्याच्या अंगावर लेप दिलेला. लेप उडाला किंवा कण सुटले की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासतं, आणि तिथून पुढे गोष्ट बिघडतच जाते. इंजिन आडवं आहे, तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे. उजवीकडचे पिस्टन स्फोटाच्या धक्क्यानं सिलिंडरच्या वरच्या भिंतीवर रेटले जातात, आणि ऑइल तर खाली उतरलेलं असतं. म्हणून रोग बहुतेक उजव्या बाजूला, त्यातही सहा नंबरच्या सिलिंडरला. थंडीत सकाळी स्टार्ट करून दोन मैलांवरच्या दुकानात दूध आणायला गेलात तर आणखी वाईट. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं आणि ते भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं.

आणि हे सगळं चाललेलं असताना गाडी झकास पळते. पिकअप तोच, आवाज तोच. एमओटीच्या वार्षिक तपासणीत सिलिंडरच्या आत कोणी डोकावत नाही. सुरुवातीला तर कॉम्प्रेशनही चांगलं दाखवतं. पुढे कधीतरी टप्पेट वाजल्यासारखी टकटक येते, गाडी ऑइल खायला लागते, सायलेन्सरच्या एका बाजूचा पाइप जास्त काळा दिसतो. विकणारा जाड ऑइल भरून ती टकटकही दाबू शकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, सेकंडहँड 911चा धंदा पुष्कळसा त्या मुठीवर चालतो.

तिसऱ्या हिवाळ्यात मला टकटक ऐकू आली, किंवा आल्यासारखी वाटली. फक्त पोर्शेचंच काम करणाऱ्या एका गॅरेजात गेलो. नाव सांगत नाही. फरशी इतकी स्वच्छ की बूट काढून आत जावं की काय असं वाटलं. तिथल्या मेकॅनिकनं स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला आणि वीस मिनिटांत मला बोलावलं. स्क्रीनवर राखाडी भिंत, तिच्यावर दोन-तीन उभ्या रेघा. "सहा नंबर," म्हणाला. "गेलं." मी अजून स्क्रीनकडेच बघत होतो, तोवर प्रिंटरमधून एस्टिमेट बाहेर आलं. इंजिन उतरवणं, सहाही सिलिंडरना नवे लायनर, नवे पिस्टन, 14,000 पौंड.

मी दोन प्रश्न विचारले. पिस्टन पूर्ण खाली आणून बघितलंत का? बाकीच्या पाच सिलिंडरचे फोटो कुठे? पहिल्याला "अर्थातच" हे उत्तर मिळालं. दुसऱ्याला उत्तरच नाही, बाकीचे काढलेच नव्हते. मग शेजारच्या सिलिंडरच्या भिंतीवरही अशाच रेघा आहेत की नाहीत, हे कळणार कसं?

दोन आठवड्यांनी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं ऑइल काढून सम्पची, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीची, प्लेट उतरवली आणि खालून कॅमेरा घातला. वरून जे दिसत नाही ते खालून दिसतं, आणि ओरखडे पुष्कळदा भिंतीच्या खालच्या भागातच सुरू होतात. सहाही सिलिंडर बघायला अर्धा दिवस गेला. त्याचं मत: सहा नंबरवर रेघा आहेत, पण वरवरच्या, ऑइल लवकर बदलत जा, वर्षभरानं परत ये. हा मला आवडला. पण मला हवं तेच बोलला म्हणून तर आवडला नाही ना, ही शंका तेव्हाही होती, आजही आहे.

पहिला लबाड होता असं माझं म्हणणं नाही. त्याच्याकडे दिवसभर आजारीच इंजिनं येतात, त्याला प्रत्येक रेघेत रोग दिसणारच. माझी तक्रार एवढीच की रोगाचं निदान त्याचं आणि ऑपरेशनचं बिलही त्याचंच. खात्री करायची तर इंजिन उतरवून फोडायचं. फोडून काही निघालं नाही तरी मजुरीचे हजारो पौंड गेलेच. म्हणून उघडत नाही.

त्याऐवजी वही ठेवली आहे. या गाडीला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नाही, ऑइलची पातळी डॅशबोर्डवर बघायची. दर वेळी किती टॉप-अप केलं ते मैलांसकट लिहितो. दर 5,000 मैलांना ऑइल बदलतो आणि जुन्यातली एक छोटी बाटली लॅबला पाठवतो. इंजिन झिजून ऑइलात उतरलेल्या लोखंड, ॲल्युमिनियम, सिलिकॉनचे आकडे येतात. एका रिपोर्टवरून काही कळत नाही, चार-पाच शेजारी शेजारी मांडले की चढ आहे का ते दिसतं. माझ्याकडे पाच आहेत. ॲल्युमिनियम थोडं चढलंय. ऑइल पहिल्या वर्षी 2,000 मैलांना एक लिटर लागायचं, आता 1,500ला लागतं.

मामांचं कोल्हापुरात उद्यमनगरात बोअरिंगचं वर्कशॉप होतं. लहानपणी सुट्टीत मी तिथेच पडलेला असायचो. आलेला ब्लॉक मामा आधी फडक्यानं पुसायचे, मग अंगठ्याचं नख बोअरवरून वरून खाली फिरवायचे. नख अडकलं तर बोअर, नाही अडकलं तर "पिस्टनला नव्या रिंगा टाक आणि ने." मायक्रोमीटर नंतर, गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून.

गेल्या दिवाळीत त्यांना सहा नंबरचा फोटो दाखवला. चष्मा लावून फोन जवळ घेतला, बोटांनी मोठा केला. आणि मग नकळत अंगठ्याचं नख त्या रेघेवरून, काचेवरून, खाली नेलं. स्वतःच हसले.

"ह्यात काय कळतंय रे? ऑइल किती खातीय?"

सांगितलं.

"आणि नवं इंजिन केवढ्याला?"

तेही सांगितलं. रुपयांत.

फोन माझ्या हातात देत म्हणाले, "मग चालीव की. पण ती विकायला काढशील तवा हा फोटो गिऱ्हाइकाला दाखवणार हाईस काय?"

दाखवणार, असं म्हणालो. वहीत तो फोटो चिकटवून ठेवलाय, पहिल्याच पानावर.