मी कुत्री पळवते
सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी पहिला कागद लावला, 'तुमचं कुत्रं आम्ही पळवतो'. वॉचमनकाकांनी तो तासाभरात काढून टाकला, आणि वर मला ऐकवलं, "ताई, चोरीची जाहिरात करतात का कुणी?" मग 'श्वानांस धावण्याचा व्यायाम देण्यात येईल' असा कागद लावला. तो कुणी वाचलाच नाही.

खरं तर धंदा करायचा असं काही ठरलं नव्हतं. हिंजवडीत सहा वर्षं नोकरी केली. सकाळी वेताळ टेकडीवर धावायचं आणि मग बस पकडायची, असा दिनक्रम. सोबत बुंदी, रस्त्यावरून उचलून आणलेली आमची गावठी. एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुझी बुंदी जाते तर आमच्या ब्रूनोलाही ने की. सोफा फाडून ठेवलाय मेल्यानं." ब्रूनो म्हणजे 42 किलोचा लॅब्राडोर. तीन आठवड्यांनी सोफा फाडणं थांबलं आणि काकूंनी पाकीट हातात ठेवलं. नको नको म्हणत घेतलं. माझी पहिली कमाई तीच.

आयुष्याची दोन वेडं एकत्र आली की पैसे आपोआप येतात, असं तेव्हा वाटलं होतं. आधी धावण्याचं वेड बाजूला ठेवावं लागलं. ब्रूनो पळायचाच नाही. एक मिनिट दुडकी, दोन मिनिटं चाल, मग खांबाशी मुक्काम. एरवी 28 मिनिटांत होणारे पाच किलोमीटर पाऊण तासावर गेले. घड्याळ बघून मी चिडायचे, आणि ब्रूनो माझ्याकडे बघून शेपूट हलवायचा.

नोकरी सोडायच्या आधी बुंदीच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले. कुणाला पळवायचं नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री नाहीत, कारण त्यांना धापही धड टाकता येत नाही. मोठ्या जातीची पिल्लं साधारण दीड वर्षाची होईपर्यंत लांब पळवायची नाहीत, त्यांची हाडं अजून वाढत असतात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांना जेवण झाल्याझाल्या तर मुळीच नाही, पोट फुगून पीळ पडला तर जीव जातो. पहिल्या पाच गिऱ्हाइकांपैकी दोघांना मी परत पाठवलं. आई म्हणाली, "हा कुठला धंदा, ज्यात येणाऱ्याला नाही म्हणायचं?"

कागदपत्रं मात्र वाटली तेवढी अवघड नव्हती. छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि फुकट असते. हे मला 1500 रुपये भरल्यावर कळलं, कारण सरकारी वाटणाऱ्या भलत्याच साइटवर मी फॉर्म भरला होता. शॉप अ‍ॅक्टचं तर तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर 2017च्या कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा 20 लाखांची, ती मला अजून लांबूनही दिसत नाही. बँकेत 'व्यवसायाचं स्वरूप' या रकान्यापाशी मी आणि तिथल्या मॅडम पाच मिनिटं अडलो होतो. शेवटी त्यांनी 'इतर' लिहिलं.

डॉक्टरांचा एक सल्ला फार उपयोगी पडला. कामाला लागण्याआधीच रेबीजच्या लसी घे म्हणाले. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी असे तीन डोस घेतले. दुसऱ्याच वर्षी टेकडीच्या पायथ्याशी एक भटकं कुत्रं माझ्या दोन कुत्र्यांवर धावून आलं आणि मधे माझी पोटरी सापडली. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली आणि दवाखाना गाठला. आधीच्या लसी झाल्या होत्या म्हणून दोनच डोसांत भागलं, त्याच दिवशी एक आणि तीन दिवसांनी दुसरा.

चावणाऱ्यापेक्षा मला एप्रिल जड गेला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजे थोडे घामेजतात, बाकी सगळी भिस्त धापेवर. तरी एका गोल्डन रिट्रीव्हरच्या घरी उशीर झाला म्हणून मी साडेआठला त्याला बाहेर काढलं. दोन किलोमीटरवर तो थांबला. जीभ गडद लाल, पाय लटपटत होते. सावलीत ओढला, बाटल्या पोटावर आणि पंजांवर रित्या केल्या आणि रिक्षात घातला. दवाखान्यात ताप 105 निघाला. वाटेतूनच मालकिणीला फोन केला, "ताई, चूक माझी आहे." त्या आल्या, काही बोलल्या नाहीत, रात्रभर तिथेच बसल्या. मीही बसले. कुत्रं वाचलं. आठवड्यानं त्यांचा मेसेज आला, 'सोमवारी पाचला ये. पाचलाच.' तेव्हापासून उन्हाळ्यात साडेसातनंतर मी कुणाचंच दार वाजवत नाही, आणि रोज आधी डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघते.

माझ्याकडे आज बारा कुत्री आणि अकरा घरांच्या किल्ल्या आहेत. लोक पैसे पळण्याचे देतात, पण सोपवतात किल्ली. पहाटे मालक झोपलेले असताना मी आत शिरते, हार्नेस चढवते आणि खरोखरच कुत्रं पळवून नेते. महिन्याला कुत्र्यामागे 4500, एका वेळी दोनच. पहिल्या वर्षी जुन्या पगाराच्या निम्मेही झाले नाहीत. पावसाळ्यात गोचीड, चिखल आणि टॉवेल धुण्यातच अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे कोण देणार?

लातूरकडून आणलेला एक कारवान, म्हणजे आपल्याकडच्या चपळ शिकारी जातीचा कुत्रा आहे, तो एकटाच मला खरं धावायला लावतो. कमरेला पट्टा, त्याला लवचीक दोरी, आणि पुढे तो. दोनदा तोंडावर आपटलेय.

रविवारी सुट्टी. त्या दिवशी एकटीच टेकडीवर जाते, घड्याळ लावून, जुन्या वेगानं. पहिल्या विजेच्या खांबाशी पाय आपोआप थांबतात.