आमची वाटचाल : ३५० ग्रेनवरून ४८० ग्रेनवर

शिकारीचे बाण बनवायचा धंदा सुरू केला तेव्हा शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, कापायची करवत, एक ग्रेन काटा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं बारीक माप) आणि भरपूर आगाऊपणा एवढंच भांडवल होतं. मी आणि मेहुणा, दोघंच. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न स्पीडचा असायचा आणि आम्हीही स्पीडच विकायचो, ७० पाउंड ओढीचा कंपाउंड बो (चाकांचं धनुष्य), ३५० ग्रेनचा बाण, सेकंदाला ३०० फूट, बोर्डावर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं. ३५० म्हणजे बोच्या एका पाउंडामागे ५ ग्रेन, त्याच्या खाली गेलं की बाण पुरेशी एनर्जी उचलत नाही आणि उरलेली सगळी लिंब्ज (बोचे वाकणारे हात) आणि स्ट्रिंगवर येते, रिकामी दोरी सोडल्यासारखी. थोडक्यात आमचा माल काठावर पास होता.

पहिल्याच सीझनला एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं आणि काही न बोलता आमचाच बाण काउंटरवर ठेवला. ब्रॉडहेडचं, म्हणजे पुढच्या धारदार पात्याचं, टोक वाकलेलं, मागे कार्बनच्या शाफ्टला उभी चीर, रक्त जेमतेम दोन बोटं. हरणाच्या खांद्याच्या हाडावर लागला होता. जनावर जखमी होऊन गेलं, त्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं, मिळालं नाही. "टार्गेटवर तर सुसाट जातो हा, भाऊ," एवढंच म्हणाला. मला तोंड वर करून बघवेना.

त्या रात्री हिशोब मांडला. ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०, म्हणजे एनर्जी फूट-पाउंडात. ३५० ला ७० आली. त्याच बोवर ५०० ग्रेनचा बाण मारला तर वेग २५५ च्या आसपास उतरला, एनर्जी ७२, म्हणजे जवळपास तेवढीच, पण मोमेंटम (वजन गुणिले वेग) २० टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि आत घुसायला तेच कामी येतं. वर बोचा आवाजही कमी. हरीण दोरीच्या आवाजाने दचकून खाली दबतं आणि आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या वर पळतो, त्याला ३०० वाला बाण काय गाठणार!

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो (जायचोच). त्याच शाफ्टवर १०० ऐवजी २०० ग्रेनचं टोक लावून दिलं, आणि बाण शेपूट हलवत उडायला लागले, कारण पुढे वजन वाढलं की शाफ्ट नरम पडतो. तेव्हा कुठे स्पाइन, म्हणजे शाफ्टचा कडकपणा, नीट शिकलो, २८ इंचांवर टेकवून ८८० ग्रॅम लटकवायचं आणि वाक मोजायचा, आकडा लहान तेवढा शाफ्ट कडक, ४०० पेक्षा ३४० कडक. त्यात एका सप्लायरचे शाफ्ट खोक्यावरच्या वजनाला कधीच जुळायचे नाहीत, म्हणून आता प्रत्येक बाण काट्यावर जातो.

सगळ्यांना जड बाण द्या असं मी म्हणत नाही हां. जड बाण लवकर खाली येतो, ४० यार्डांवर अंतराचा अंदाज चुकला की भोवतो. हरणाला पाउंडामागे ६ ते ८ ग्रेन बास, मोठं हाडाचं जनावर असेल तर अजून चढवा. त्यामुळे आता आम्ही आधी बोचे पाउंड, ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढतो ते) आणि जनावर विचारतो, स्पीड शेवटी.

तो माणूस अजून येतो. ४८० ग्रेन मारतो, आणि डझनातला प्रत्येक बाण स्वतः काट्यावर ठेवून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.