हेलेस वाचली, फ्रीजरला मात्र घाम फुटला

मंडळी, हेलेस (फिकट रंगाची बव्हेरियन लागर बिअर) वाचली. ती मी गॅरेजमधल्या चेस्ट फ्रीजरमध्ये आंबवतोय आणि त्याच्या तळाला सारखं पाणी साचत होतं. ते आता बरंच आटलंय, पण पूर्ण नाही, आणि आजचं बहुतेक पुराण त्याचंच आहे.

ह्यूस्टनचा जुलै. गॅरेजमध्ये ३३ अंश, आर्द्रता ६५ टक्क्यांच्या मागेपुढे. १५५३ साली बव्हेरियाच्या ड्यूकनं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायलाच मनाई केली होती. या गॅरेजमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं की त्याचं म्हणणं पटतं. तर चेस्ट फ्रीजरमध्ये ३४/७० या लागर यीस्टवरची हेलेस १२ अंशांवर गुण्यागोविंदानं चालली होती. सकाळी बघतो तर तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा डिस्प्ले काळा, भिंतीवरचं जीएफसीआय सॉकेट (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं) ट्रिप झालेलं. झाकण उघडलं तर तळाला पाणी आणि त्यात हीट मॅटच्या (बिअर गरम करायच्या पट्टीच्या) वायरीचा जोड आरामात पहुडलेला. बिअर १७ अंशांवर पोचलेली.

नशीब म्हणजे ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, साखर आंबेल तशी उतरते) १.०१६ ला आली होती. म्हणजे डायअसिटिल रेस्ट (शेवटी बिअर जरा गरम ठेवून लोण्याच्या वासाचं डायअसिटिल यीस्टला संपवू द्यायचं) शनिवारी द्यायची ती आयतीच दोन दिवस आधी मिळाली. मग खाली आणलीच नाही, राहू दिली १७ वर. नंतर नमुना दोन बाटल्यांत घेतला, लपलेलं डायअसिटिल बाहेर यावं म्हणून एक गरम पाण्यात ६० अंशांवर वीस मिनिटं ठेवली, गार केली आणि दोन्ही हुंगल्या. लोण्याचा वास दोन्हींत नाही! ताज्या पावासारखा गोडसर वास आणि मागे हलकासा गंधक, तो लागरिंगमध्ये (थंडीत मुरताना) जाईल. वीज गेल्यावर बिअर सुधारल्याचं माझ्याकडचं हे पहिलंच उदाहरण.

आता पाणी. स्पंजनं टिपून मापात पिळलं तर पाऊण लिटर भरलं, आठवड्याभरातलं. मागच्या वेळी या पाण्याचं सांगितलं तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं की झाकण कमी वेळा उघडा. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या गॅरेजच्या हवेत घनमीटरमागे साधारण २३ ग्रॅम बाष्प आहे. फ्रीजर ७ घनफुटांचा, म्हणजे २०० लिटर. झाकण उघडून आतली सगळीच्या सगळी हवा बदलली तरी आत जाणार पाच ग्रॅमच्या आत, एक चमचा. एअरलॉकमधून (बिअरच्या भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) येणारा ओला कार्बन डायऑक्साइड? वीस लिटरच्या बॅचमधून चारशेएक लिटर वायू निघतो, १२ अंशांना तो बाष्पानं संपृक्त धरला तरी सगळ्या फर्मेंटेशनमध्ये आणखी एक चमचा. चमच्या-चमच्यानं पाऊण लिटर जमत नाही. उलटा हिशेब केला तेव्हा घाम मला फुटला: एवढं पाणी साठायला दर तासाला निदान फ्रीजरभर हवा आतबाहेर होत असली पाहिजे.

मग देवघरातली उदबत्ती आणली. गॅस्केटच्या (झाकणाच्या रबरी कडेच्या) बाजूनं हळूहळू फिरवली. तीन बाजूंना धूर सरळ वर. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे प्रोब (कंट्रोलरचा तापमान मोजणारा सेन्सर) आणि हीट मॅटच्या वायरी गॅस्केटखालून आत जातात, तिथे धूर आडवा होऊन सुळकन आत. समोरच्या उजव्या कोपऱ्यात बाहेर फेकला जातोय. आतला कॉम्प्युटरचा छोटा पंखा बंद केला, दोन्हीकडचा धूर शांत. म्हणजे पंखा आतली हवा ढवळत नव्हता, ह्यूस्टनची हवा ओढून आणत होता. ‘गॅस्केट मऊ असतं, वायर दबून जाते’ असं सगळेच सांगतात. दबते, पण तिच्या दोन्ही बाजूंना बारीक त्रिकोणी फट राहते. टॉर्च आत ठेवून गॅरेजचे दिवे घालवले की दिसते.

आणि हे पाणी चेस्ट फ्रीजरलाच का छळतं, तेही आता नीट कळलं. कॉइल भिंतीच्या पत्र्यामागे असते. कॉम्प्रेसर चालू असताना पत्रा शून्याखाली जातो, बाष्प बर्फ होऊन चिकटतं. कॉम्प्रेसर थांबला की आत १२ अंश असल्यामुळे तेच बर्फ वितळून तळाला. खरा फ्रीजर म्हणून वापरला असता तर ते तिथेच गोठून बसलं असतं. त्यात भर म्हणजे माझा प्रोब फोमखाली फर्मेंटरला (बिअर आंबवायच्या भांड्याला) चिकटवलेला, वीस लिटर गार व्हायला वेळ लागतो, तोवर कॉम्प्रेसर पळतोय. बिअरसाठी प्रोब तिथेच हवा, त्यामुळे तो हलवणार नाही.

केलं ते इतकंच: वायरी गॅस्केटखालून काढून लाकडी कॉलरला (फ्रीजर आणि झाकण यांच्यामध्ये बसवलेल्या चौकटीला) भोक पाडून केबल ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घेतल्या (फ्रीजरच्या पत्र्याला भोक पाडू नका, मागे कॉइल आहे), कॉलरच्या वर नवी ईपीडीएम रबर पट्टी, आणि पंखा कंट्रोलरच्या कूलिंग सॉकेटवर (म्हणजे कॉम्प्रेसरबरोबरच चालेल), तोंड खाली. कॉलरच्या आतल्या बाजूला काळी बुरशी ठिपकायला लागली होती. पातळ ब्लीचनं पुसून, वाळवून ऑइलपेंट मारला. आधीची पट्टी ऑनलाइन स्वस्तात घेतलेली फोमची होती. ती पाणी अडवायच्या ऐवजी पीत होती. असल्या पट्टीवर पैसे घालवू नका. याउलट माझ्या कंट्रोलरबद्दल, इंकबर्ड आयटीसी-३०८ बद्दल, माझी तक्रार शून्य, भिजक्या जोडानं सॉकेट पाडलं तरी सेटिंग जशीच्या तशी.

त्यानंतरच्या आठवड्यात टिपलेलं पाणी जेमतेम फुलपात्रभर! हे मी बायकोला मुद्दाम नेऊन दाखवलं. तिनं फुलपात्र कुठलं वापरलंस एवढंच विचारलं.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलला आता काही अर्थ आहे. अर्धा किलो जेल वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी धरतं. आधी रोजचंच शंभर ग्रॅम येत होतं, दीड दिवसात नारिंगी दाणे रंग टाकून मोकळे आणि मी ते सुकवायला ओव्हन १२० अंशांवर लावून उभा. आता एक भरणी आठवडाभर पुरावी. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र आत नकोत. त्यांचं खारट पाणी सांडलं तर पत्रा खाऊन टाकतं.

पेल्टियर डिह्युमिडिफायर (थंड प्लेटवर हवेतली ओल धरणारं छोटं यंत्र) घ्यायचं ठरवलं होतं, ते रद्द. हेलेसचं कोल्ड क्रॅश (गाळ बसावा म्हणून बिअर एकदम थंड करणं) १ अंशाला करायचंय आणि त्या तापमानाला त्याच्या थंड प्लेटवरच बर्फ धरेल. मग वाटलं, फ्रीजर एका कोपऱ्याकडे पाचरी घालून कलता करावा आणि तिथे फ्लोट स्विच (पाणी चढलं की चालू होणारा) लावून मत्स्यालयातला डोसिंग पंप बसवावा. पंप शोधायलाही लागलो होतो. पण लिहितालिहिता लक्षात येतंय की फुलपात्रभर पाण्यासाठी पंप म्हणजे हौसच. पाचरी घालतो, कोपऱ्यात मायक्रोफायबरचं फडकं ठेवतो. हीट मॅटचा जोड आता कॉलरच्या वर, बाहेर.

खरं तर हे सगळं करताना जुना उभा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज डोक्यात घोळतोय. त्यात वितळलेलं पाणी मागच्या नळीतून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाऊन आपोआप उडतं, आणि भरलेला फर्मेंटर कंबरेएवढ्या कडेवरून उचलून आत सोडावा लागत नाही. इथे शेजारी एकजण १८ घनफुटांचा विकायला काढतोय. आत मोठा फर्मेंटर एअरलॉकसकट बसतो का ते उद्या टेप घेऊन बघून येतो. मागच्या खालच्या बाजूला कॉम्प्रेसरची पायरी असते, तीच आडवी येईल अशी शंका आहे.

कोल्ड क्रॅश शुक्रवारी. कोणी १ अंशाला चेस्ट फ्रीजरमध्ये सिलिका वापरून पाहिलंय का? किती दिवस टिकलं तेवढं सांगा.