पोटरीच्या शिरेत रक्त का गोठते?
गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर आत्याच्या पोटाच्या त्वचेखाली रोज हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले जात असे, आणि ‘दुखणे पायाचे, सुई पोटात’ ही तिची कुरकुर ऐकून मी या विषयाच्या मागे लागलो. वाहिनीच्या आत रक्त गोठण्याची तीन कारणे जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या नावाने सांगितली जातात: प्रवाह मंदावणे, अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. अशा मोठ्या शस्त्रक्रियेत तिन्ही एकत्र येतात. मला त्यांतले पहिले सर्वांत उद्बोधक वाटते. पायातले रक्त हृदयाकडे चढते ते मुख्यतः पोटरीचे स्नायू आवळल्यामुळे. माणूस अंथरुणाला खिळला की शिरेतील झडपांच्या खोबणीत रक्त रेंगाळते, तेथील प्राणवायू घटतो, अस्तराचा गोठणविरोधी पहारा ढिला पडतो आणि थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या विकरामुळे विणल्या गेलेल्या फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकत जातात. धमनीतली गुठळी निराळी. तेथे बहुधा चरबीचा थर फुटतो आणि प्लेटलेट या रक्तातील बारीक पेशी त्यावर चिकटतात. शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, म्हणून एकाच पायाला अचानक सूज व ठणका आल्यास तेल चोळत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी शिरेतला प्रवाह पाहणाऱ्या, तपासणीविषयी विचारावे.