टोपीचा कल उजवीकडं

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. एक रिटायर्ड हवालदार काका हयातीच्या दाखल्यासाठी माझ्या ऑफिसात आले होते. मशीनवर त्यांचं बोट काही लागेना, शेती करून ठसे झिजलेले, म्हणून मी त्यांना म्हटलं जरा हात धुवून या, तर हे हात धुवून खुर्चीवर बसायच्या ऐवजी सरळ भिंतीकडं गेले आणि खुंटीवरची हिरवी बेरेट, म्हणजे फौजी टोपी, काढली, झटकली आणि परत लावली. मी बघतच राहिले. म्हणाले, "ताई, बिल्ला डाव्या डोळ्यावर, आणि कापड उजव्या कानावर खाली. तुम्ही उलटी लावली होती. दोन वर्षं बघतोय, आज ऱ्हावलं न्हाय."

दोन वर्षं! म्हणजे दोन वर्षं हा माणूस मागच्या नोव्हेंबरात आणि त्याच्या मागच्या नोव्हेंबरात समोर बसून गप मनातल्या मनात माझी टोपी सरळ करत होता.

तर भिंतीबद्दल लिहायचं कधीचं डोक्यात होतं. माझं साताऱ्यात टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे, दोन टेबलं, एक प्रिंटर जो दर जुलैत मरतो, आणि माझ्या खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर सहा टोप्या, एक हेल्मेट आणि घरातल्या लोकांचे फोटो. नवीन माणूस आला की आधी विचारतो, "साहेब मिलिटरीत आहेत का?" साहेब म्हणजे माझा नवरा. तो बँकेत आहे. मिलिटरीतली माणसं माहेरची.

आमच्या भागात हे काही विशेष नाही म्हणा. अपशिंगे गाव इथून जवळच, नावातच मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले आणि त्यांचा दगड अजून गावात आहे. आमच्या गावात दगड नाही, पण घरटी एक काळी ट्रंक आहे, पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव लिहिलेली. आमच्याकडं तीन. भिंतीची सुरुवात त्यातल्या एका ट्रंकेपासून झाली, आजी गेल्यावर माळा साफ करताना. वर जुनी घोंगडी, खाली आजोबांचं इटली स्टार नावाचं युद्धपदक, एक फ्रेम, आणि एका पिशवीत काहीतरी लोकरीचं, जे कसरीनं खाऊन त्याची चाळण केलेली. ती टोपी होती हे पप्पांनी सांगितलं म्हणून कळलं. एवढं जपून ठेवलं म्हणून सगळे समजत होते आणि आत किडे जेवत होते. त्याच दिवशी ठरवलं की उरलंय ते ट्रंकेत कुजवायचं नाही, डोळ्यासमोर लावायचं, घरात आई जागा देईना (तिचा देव्हारा आणि टीव्ही यांच्यामध्ये कुणाला जागा मिळालेली नाही) म्हणून ऑफिसात.

फ्रेममधला आजोबांचा फोटो काचेला चिकटलेला. मी नखानं सोडवायला निघाले होते, पण आमच्या इथल्या फोटोवाल्या काकांनी हात धरला, म्हणाले ओढलास तर चेहरा काचेवर राहील आणि कागद तुझ्या हातात. त्यांनी काचेसकट स्कॅन केला, डाग काढले, प्रिंट दिली. भिंतीवर आहे ती प्रिंट. मूळ फोटो काचेसकट घरी कपाटात, सुती कापडात. आणि प्रिंट लावतानासुद्धा मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घातलीय, म्हणजे कागद काचेला टेकत नाही, नाहीतर साताऱ्याच्या पावसात परत तेच. हे कुणी फोटो लावणार असाल तर एवढं कराच.

आजोबा पाचव्या मराठ्याच्या तिसऱ्या पलटणीत, म्हणजे ज्याला कागदावर ३/५ मराठा लाइट इन्फंट्री म्हणतात. यशवंत घाडगे याच पलटणीतले. १० जुलै १९४४, इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले आणि हा बावीस वर्षांचा नाईक एकटाच मशिनगनच्या मोर्चावर धावून गेला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, आणि मग कुठूनतरी गोळी आली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात पुतळा आहे, आणि २०२३ ला इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारकही झालं. आता एवढं मी सांगितलं की क्लायंट विचारतात मग आजोबांनी काय सांगितलं. आजोबांनी काहीच सांगितलं नाही हो. खेचरं, चिखल आणि द्राक्षं, एवढंच. आणि गोठ्यात शिरताना म्हशीला "बोनजोर्नो" म्हणायचे. म्हैस कान हलवायची. ते इटलीतलं 'राम राम' आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोपर्यंत मला वाटायचं म्हशीचं नाव आहे.

भिंतीवरच्या मरून बेरेटची, म्हणजे पॅराशूटवाल्यांच्या टोपीची, गंमत यातूनच. एक क्लायंट ओआरओपीच्या (वन रँक वन पेन्शनच्या) एरिअर्सचा हिशेब घेऊन आले, एकदम रक्कम आली की त्या वर्षाचा टॅक्स फुगतो, मग फॉर्म १० ई भरून रिलीफ घ्यावा लागतो, ते सगळं मी सांगत होते आणि यांचं लक्ष फोटोखालच्या चिठ्ठीकडं. "३/५? मग ही तर आमची पलटण." मी म्हटलं काका तुम्ही पॅराचे ना, हे मराठा. तर त्यांनी मला शाळेत बसवल्यासारखं समजावलं: युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ३/५ मराठा ही पलटण पॅराशूट बटालियन झाली, तीच पुढं सेकंड पॅरा, आणि तीच ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या टांगाइलला विमानातून पॅराशूटनं उतरली. म्हणजे माझे आजोबा घरी येऊन म्हशीमागं लागले आणि मागं त्यांच्या पलटणीनं टोपीचा रंग बदलला. पुढच्या आठवड्यात काका स्वतःची बेरेट घेऊन आले. नको नको म्हणाले मी, तर म्हणाले, घरी नातू ती घालून क्रिकेट खेळतो, इथं निदान नीट राहील. फी घेतली नाही मी त्यांची. घ्यायला पाहिजे होती का, माहीत नाही, पण नाही घेतली.

पप्पांची बेरेट नेव्ही ब्ल्यू. ईएमई, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारे. इथं लोकांचा जरा हिरमोड होतो, त्यांना वाटतं सीमेवर छाती काढून उभे असतील, आणि पप्पा बावीस वर्षं गाड्यांखाली आडवे होते, हातात पाना. पण ते स्वतः म्हणतात, लेहच्या थंडीत गाडी स्टार्ट झाली नाही तर सीमेवर पोचणार कोण? बरोबर आहे की. आकाशी बेरेट मामाची, लेबनॉनला यूएनच्या बटालियनमध्ये गेला होता त्याची. ती निळी का असते याची गोष्ट मला फार आवडते: १९५६ ला सुएझच्या भांडणात यूएननं शांतिसेना पाठवली, पण तिथल्या लोकांना हे आणि ब्रिटिश-फ्रेंच सैनिक वेगळे कसे कळणार, म्हणून हेल्मेटांना निळा रंग मारला. एवढं साधं. घाईत मारलेला रंग, आणि आज जगभर तोच.

गुरखा हॅट विकत घेतलेली. हेल्मेटही. ते बशीसारखं जुनं लोखंडी हेल्मेट पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळालं, विकणारा शपथ घेऊन सांगत होता की पहिल्या महायुद्धातलं आहे आणि एका कर्नलच्या घरून आलंय. सगळ्या विक्रेत्यांकडं एक कर्नल असतो. मी चौदाशे दिले, आणि खाली चिठ्ठी लावली: "जुना बाजार, पुणे. कुणाचं ते माहीत नाही."

या चिठ्ठ्यांवरून माझं आणि भावाचं भांडण झालेलं. त्याचं म्हणणं, कशाला लिहितेस, सगळं आपलंच वाटू दे की, भिंत भारी दिसते. मला ते पटत नाही. विकतची टोपी घरच्या टोपीशेजारी गुपचूप लावली की घरची पण विकतची होते. म्हणून प्रत्येकीखाली लिहिलंय कुणाची, कुठली, घरची की घेतलेली की कुणी दिलेली. आणि दुसरा नियम, घालून बघायची नाही. सेल्फीसाठी तर नाहीच. एकदा एक पोरगं चहा द्यायला आलं ते मामाची बेरेट घालून आरशात बघत होतं, त्याला काही बोलले नाही मी, अग्निवीरची तयारी करतोय, पहाटे चारला उठून पळतो. पण बाकीच्यांना ओरडते. (टोपी बाळगणं गुन्हा नाही, पण जवान नसताना जवान आहे असं भासवायला वर्दी घालणं गुन्हा आहे, आधी आयपीसीचं १४० कलम होतं, आता न्याय संहितेत १६८. सांगितलं की लोक पटकन हात मागं घेतात, कलमाचा आकडा भारी काम करतो.)

चुलतभावाचा फोटो मात्र नाही. तो आत्ता नोकरीत आहे. मी मोठ्या हौसेनं फ्रेम करून ठेवलेली, तर त्याचा फोन, "ताई, लावू नको, बिल्ला दिसतोय, मागं बोर्ड दिसतोय, तुझ्या ऑफिसात कोण फोटो काढून कुठं टाकेल सांगता येतं का." फ्रेम ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या डब्याखाली. रिटायर झाला की काढीन.

आणि एक फ्रेम आहे जिच्यात फोटोच नाही. पणजोबांचे धाकटे भाऊ. घरात एवढंच सांगतात की "बसऱ्याला गेला." आमच्याकडं मेसोपोटेमिया (आजचा इराक) कुणी म्हणत नाही, सगळं बसराच. ते ११७ मराठ्यात होते, आणि ११७ मराठा पलटण तिथल्या कुट नावाच्या गावात वेढ्यात अडकली होती, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने, घोडे कापून खायची वेळ आली आणि शेवटी शरण. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळं मागं रडायलाही आई सोडून कुणी नाही. मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं, हजारो नावं, पण ती नावं ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा, एवढे मेले. नावं रजिस्टरात. हे वाचलं त्या रात्री मला राग पण नीट येईना. आधी मी रिकामी फ्रेम लावली होती, तर लोक म्हणायला लागले मॅडम तुमचा एक फोटो पडलाय वाटतं. मग एका कागदावर नाव, पलटण आणि गाव असं हातानं लिहून घातलं. टाइप करून बघितलं होतं, पण ते इन्कम टॅक्सच्या नोटिशीसारखं दिसत होतं.

जागेची एक चूक सांगते. सुरुवातीला टोप्या खिडकीसमोरच्या भिंतीवर होत्या, दुपारचं ऊन थेट. सहा महिन्यांत हिरव्या बेरेटचा लाल-हिरवा तुरा, मराठ्यांचा हॅकल, एका बाजूनं गुलाबी झाला. उन्हाचं नुकसान भरून येत नाही. मग सगळं उचलून आतल्या भिंतीवर नेलं, आणि दर पावसाळ्याआधी प्रत्येक टोपी खाली काढून ब्रश, उन्हात नाही तर सावलीत वारा, आणि आत डांबर गोळ्या कापडात बांधून. ऑफिसला जून महिन्यात आजीच्या ट्रंकेचा वास येतो. क्लायंट नाक मुरडतात. फौजी नाही मुरडत.

आता शेवटची टोपी राहिली, जी सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडते आणि जी सैन्याची नाहीच. कानटोपी. पप्पा लेहला होते तेव्हा आईनं विणून पोस्टानं पाठवलेली, लोकर साताऱ्यात मिळाली तशी, म्हणजे खाकी म्हणून घेतलेली पण प्रत्यक्षात मोहरीसारखी पिवळी. पप्पा सांगतात परेडला घालता यायची नाही, रात्री झोपताना घालायचे, आणि बराकीतले बाकीचे लोक त्यांना "पिवळा" म्हणायचे. खाली चिठ्ठी आहे: "घरची. लेह, १९८४."

डिसेंबरात थंडी पडली तसे पप्पा एकदा सकाळी फिरून येता येता ऑफिसात डोकावले, मी रिटर्नमध्ये होते, मान वर केली नाही, चहा पिऊन गेले. दुपारी एका क्लायंटनं विचारलं, मॅडम इथं काय होतं? बघते तर खुंटी रिकामी, खाली नुसती चिठ्ठी. घरी फोन केला तर आई म्हणाली, "अगं, डोक्यावर आहे त्यांच्या. कान दुखतात म्हणे. आणि तू ती तिथं लावलीसच कशाला, थंडीत माणसानं घालायचं काय?"

फेब्रुवारीत परत देणार आहेत. तोपर्यंत डांबर गोळीची पुरचुंडी तेवढी लटकतेय खुंटीला.