नव्या पाहुण्याचं बारसं

प्राणिसंग्रहालयात नवा प्राणी आला की आपल्याला वाटतं आत काय धमाल चालली असेल, हार, फुगे, पेढे. प्रत्यक्षात ट्रकमधून पिंजरा उतरवतात, दार वर सरकवतात आणि सगळे गपचूप मागे होतात. आणि तो पठ्ठ्या बाहेरच येत नाही! नुसतं नाक दिसतं, फसफस वास घेतंय, मग एक पंजा बाहेर, लगेच परत आत. यात कधीकधी अख्खी रात्र जाते, पण जाणते लोक डिवचत नाहीत की ओरडत नाहीत, पाणी आणि खाणं समोर ठेवून वाट बघत बसतात. मग साधारण महिनाभर क्वारंटाईन, विष्ठा तपासा, जंताचं औषध द्या, कातडीखाली नंबराची मायक्रोचिप आहे का बघा. म्हणजे पाहुण्याला सगळ्यात आधी मिळतो तो नंबर, नाव नंतर.

नावाचा उत्साह खरं तर आपलाच असतो. थायलंडमधली ती गुटगुटीत पिग्मी पाणघोडी, 10 जुलै 2024 ला जन्मली, तिचं मू डेंग हे नाव लोकांनी मतं देऊन ठरवलं, मोठी भावंडं मू तून आणि मू वान, मग हिचंही जुळतं नको का! हे गोडच आहे. पण त्याच वर्षी सिलिगुडीजवळच्या सफारी पार्कात त्रिपुराहून सिंहाची जोडी आली, नावं अकबर आणि सीता, आणि प्रकरण थेट कलकत्ता हायकोर्टात गेलं, कोर्टानेही नावं बदला म्हणून सांगितलं. सिंहांना याचा पत्ता तरी असेल का, मांस वेळेवर आलं की त्यांचं भागलं.

मला विचाराल तर नाव ठेवायचा पहिला हक्क किपरचा, म्हणजे प्राण्याची रोज देखभाल करणाऱ्याचा, कारण ते रोज वापरणारा तोच. हाक मारली, प्राणी जाळीशी आला की लगेच खाऊ, असं रोज करत करत वाघसुद्धा जाळीला अंग टेकवून उभा राहतो आणि डॉक्टर बेशुद्ध न करता शेपटीतून रक्त काढतात, आता तिथे पाच अक्षरी भारदस्त नाव घेऊन काय करणार? बोर्डावर विक्रमादित्य असला तरी आत तो विकीच होणार.

जे पिल्लू परत जंगलात सोडायचंय त्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे लाडाने हाका मारून बिबट्याचं पिल्लू माणसाच्या आवाजाकडे यायला शिकलं तर उद्या ते गावातच येईल ना, म्हणून बऱ्याच ठिकाणी नंबरच ठेवतात आणि त्याच्याजवळ बोलतसुद्धा नाहीत. बाहेरून हे कोरडं वाटतं, पण मला पटतं. अर्थात नंबराची दुसरी बाजूही आहे, नोव्हेंबर 2018 मध्ये यवतमाळात मारली गेलेली वाघीण सरकारी कागदावर टी-वन होती आणि तिला वाचवा म्हणून आंदोलन करणाऱ्यांसाठी अवनी. टी-वनसाठी एवढे लोक रस्त्यावर उतरले असते? मला नाही वाटत.

असो. पुढे कुठे "नाव सुचवा" स्पर्धा दिसली तर मी आधी बघणार की प्राणी तिथेच राहणारे का, आणि राहणार असेल तर दोन अक्षरी काहीतरी पाठवणार, ओरडायला सोपं आणि कोर्टात न जाणारं. चिकू कसं वाटतं?