साप समजून भुई धोपटण्याआधी

अकरा वर्षांपूर्वी नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये राहायला आलो, तेव्हा आजूबाजूला घरांपेक्षा रिकामे प्लॉटच अधिक होते. पावसाळ्यात त्यांत कमरेएवढे गवत माजायचे, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या रुंद भेगा पडायच्या. पहिल्याच श्रावणात एका रात्री न्हाणीघराच्या भिंतीवर, दिव्याच्या थोडे खाली, हातभर लांबीचा तपकिरी साप चढताना दिसला. त्याच्या अंगावर पांढरट पट्टे होते. मण्यारीच्या अंगावर पांढरे पट्टे असतात एवढे एकच वाक्य मला लहानपणापासून पाठ होते आणि तेवढ्या विद्येवर मी वायपरच्या दांड्याने त्याला ठेचले. जोडीने आणखी एखादा असेल या भीतीने दुसऱ्या दिवशी एका सर्पमित्राला बोलावले. विशीतल्या त्या मुलाने वर्तमानपत्रात गुंडाळलेले कलेवर उलगडून पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "काकाजी, हा कवड्या आहे. पाली खायला आला होता बिचारा."

त्या मुलाने मला बोल लावला असता तर मी कदाचित वाद घातला असता. त्याने तसे काही केले नाही. मेलेल्या सापाच्या मानेजवळचा पट्टा एका काडीने दाखवून तो पुढे जे सांगत गेला, त्यातूनच माझे सापांविषयीचे शिक्षण सुरू झाले.

कवड्या आणि मण्यार यांतला फरक विदर्भातल्या प्रत्येक घरात ठाऊक असावा असे माझे मत आहे, कारण पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या सापांत हे दोघेही असतात आणि घोळ नेमका त्यांच्याच बाबतीत होतो. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ते रुंद आणि ठळक असतात आणि शेपटीकडे जाता जाता पुसट होत नाहीसे होतात. मण्यारीचे नेमके उलटे असते. तिचे दुधी पट्टे बारीक असून बहुधा जोडीजोडीने येतात, डोक्यामागचा काही भाग बहुतेक वेळा कोराच असतो, आणि शेपटीकडे पट्टे अधिकाधिक स्पष्ट होत जातात. तिचा रंग निळसर काळा असतो आणि नुकतेच वार्निश फिरवल्यासारखी चकाकी त्यावर असते. कवड्या तपकिरी, चपट्या डोक्याचा आणि बेताच्या लांबीचा असून खडबडीत भिंतीवर तो सहज चढतो. मण्यार सहसा जमिनीलगत राहते.

मात्र याच ठिकाणी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. मण्यारीच्या पिलांचे पट्टे मानेच्या बरेच जवळून सुरू झालेले असू शकतात, आणि काही प्रौढ मण्यारींच्या अंगावर पट्टे जवळपास दिसतच नाहीत. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे आणि षट्कोनी असतात, ही खरी पक्की खूण आहे. पण ती दिसण्याइतके जवळ जाणे म्हणजे ओळख पटण्याआधीच चावा घेण्याची सोय करून देणे होय. माझ्यासारख्याने कवड्याला मण्यार समजले तर एक निरुपद्रवी जीव मरतो. मण्यारीला कवड्या समजून कोणी हातात घेतले तर माणूस मरतो. म्हणून शंका असेल तिथे साप विषारीच धरायचा आणि ओळखीचा उपयोग लांबूनच करायचा, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. घरी पाहुणे आले की ही दोन वाक्ये मी त्यांना ऐकवतो, सौ. त्याला आता कंटाळली आहे.

मण्यारीबाबत आणखी थोडे लिहितो, कारण तिचा धोका तिच्या शांतपणात आहे. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार सोडते. मण्यार रात्री निघते आणि अंधारात आवाज न करता फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात ती येते, कूस बदलताना तिच्यावर हात पडतो आणि ती चावते. चावा इतका बारीक असतो की अनेकदा झोपही पुरती मोडत नाही आणि सकाळी जखमही सापडत नाही. आमच्या ओळीत एका घराचे बांधकाम चालू असताना तिथला चौकीदार पहाटे पोट दुखते म्हणून उठला. रात्रीच्या जेवणाने पित्त झाले असेल असे सगळ्यांना वाटले, आणि कोणी सोडा दिला, तर कोणी ओवा. तासाभराने त्याच्या पापण्या खाली ओघळू लागल्या आणि बोलणे जड झाले, तेव्हा शेजारच्या एका परिचारिका ताईंच्या लक्षात आले. त्यांनी कोणाशी चर्चा न करता १०८ वर फोन लावला. तो मनुष्य काही दिवस कृत्रिम श्वासावर राहिला आणि वाचला. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला पहाटे अकारण पोटदुखी, उलटी, गिळायला त्रास किंवा पापण्या जड होणे असे काही झाले, तर दंशाची खूण असो वा नसो, मण्यारीचा विचार प्रथम करावा. तो चौकीदार दुसऱ्या महिन्यात कामावर परतला तेव्हा ठेकेदाराने त्याला खाट आणि मच्छरदाणी घेऊन दिली. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या असल्या की हा धोका फार कमी होतो. मला वाटते, विदर्भातल्या शेतशिवारात जागलीला जाणाऱ्यासाठी याहून स्वस्त विमा नाही.

घोणस आमच्याकडे घरात क्वचितच येते, पण नालीकाठच्या पालापाचोळ्यात आणि शेताच्या धुऱ्यावर ती असते. जाड अंग, त्रिकोणी डोके आणि पाठीवर साखळीसारख्या गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा ही तिची ओळख आहे. तिची गल्लत होते ती डुरक्या घोणशीशी, जी नावापुरतीच घोणस आहे. डुरक्या बिनविषारी असते, तिच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे आणि एकमेकांत मिसळलेले असतात, आणि शेपूट एकदम आखूड असते. कित्येक जण अजगराचे पिल्लू म्हणून घोणस उचलायला जातात, त्यामुळे या तिघांची नावे एकत्र लक्षात ठेवलेली बरी. घोणस अंडी घालत नाही, पिलेच देते, आणि ती उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या तोंडाशी बाहेर पडतात. बोटभर पिल्लूही जन्मापासून विषारी असते, हे "लहानच आहे" म्हणणाऱ्यांना सांगावे लागते.

नाग आणि धामण यांच्याविषयी फार लिहीत नाही. नागाच्या फण्यामागचा दहाचा आकडा सर्वांना ठाऊक आहे, पण फणा मिटलेला असताना तो दिसतोच असे नाही. धामण नागाहून लांब भरते, तिचे डोळे मोठे असतात आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. ती फणा काढत नाही आणि माणूस दिसताच पळते. तिच्या शेपटीत काटा असतो आणि ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, या दोन्ही गोष्टी मी माझ्या आजीकडून ऐकल्या आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. साप दूध पचवू शकत नाही. तो डूख धरून सूड घेतो हेही खरे नाही, कारण तेवढी स्मृती आणि तेवढा हिशेब ठेवण्याची त्याच्या मेंदूची रचनाच नाही. ज्या शहराचे नाव नाग नदीवरून पडले आणि जिथून दर श्रावणात हजारो लोक पचमढीजवळच्या नागद्वाराला जातात, तिथे नागपंचमीला पूजलेला प्राणी दुसऱ्या दिवशी काठीने मारला जातो, याचे मला नेहमी नवल वाटते. पण मीही तेच केले होते, म्हणून फार बोलत नाही.

आता घराविषयी. साप आपल्याकडे आपल्यासाठी येत नाही, तो उंदीर, बेडूक, पाली आणि गारवा यांच्यासाठी येतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की गारव्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे कूलर. आमच्या कूलरखाली टाकीतले पाणी ठिबकून कायम ओल राहायची आणि तिथे बेडूक बसायचे. एका दुपारी गवताची ताटी बदलायला काढली तर मागच्या कोपऱ्यात दिवड वेटोळे करून बसलेली होती. दिवड बिनविषारी असली तरी चिडकी असते आणि कडकडून चावते. तेव्हापासून कूलरचे मागचे पल्ले मी आधी काठीने ठोठावून, मग बॅटरीच्या उजेडात पाहून काढतो आणि खालची ओल राहू देत नाही.

बाकीचे उपाय कंटाळवाणे आहेत, पण तेच उपयोगी पडतात. वॉल कंपाउंडला लागून ठेवलेल्या विटा, जुनी कवेलू, लाकडे आणि रेतीच्या गोण्या हलवल्या. न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी बसवली. खिडकीला टेकलेली मधुमालतीची वेल छाटली. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली. सौ. अंगणात पाखरांना तांदूळ टाकायची, त्याने उंदीर जमत होते, म्हणून आता दाणे सकाळी टाकून उरलेले दुपारपर्यंत झाडून घेतले जातात. याउलट फिनाइल, कार्बोलिक ॲसिड, लसूण, गंधक यांवर मी बराच पैसा घालवला आणि एकाही सापाने त्यांची दखल घेतल्याचे दिसले नाही. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बंद पादत्राणे असावीत, पावले जोरात टाकावीत. सापाला बाहेरचा कान नसतो, परंतु जमिनीतले कंपन त्याला चांगले कळते आणि बहुतेक वेळा तो आपल्याआधी बाजूला होतो.

साप घरात शिरलाच तर मुलांना आणि कुत्र्याला दुसऱ्या खोलीत बंद करावे, एका माणसाने लांबून सापावर नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या जाणकार सर्पमित्राला फोन करावा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे वन्यजीव उपचार केंद्र आहे, हेही पुष्कळ नागपूरकरांना माहीत नसते. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. जो सर्पमित्र पकडलेला साप गळ्यात घालून फोटो काढू देतो, त्याला पुन्हा बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दंश झाल्यावर काय करू नये याची यादी लांब आहे आणि आमच्या पिढीला नेमके तेच शिकवले गेले. करकचून दोरी बांधणे, पात्याने चिरणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, यांतले काहीही करू नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे, दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि थेट असे रुग्णालय गाठावे जिथे प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे. साप पकडून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींसाठी एकत्रच बनवलेले असते आणि डॉक्टर लक्षणे पाहून ते देतात. साधारण ८ ते १० कुप्यांनी सुरुवात होते आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापाने विष सोडताना चावलेला कोण आहे हे पाहिलेले नसते. मांत्रिकाकडे नेलेले काही जण बरे होतात, हे खरे आहे. त्यांना बिनविषारी साप चावलेला असतो किंवा विषारी सापाने विष न सोडता कोरडा दंश केलेला असतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतले पुष्कळ मृत्यू घरी किंवा वाटेत झालेले आहेत.

शेजारच्या प्लॉटवर अजून घर झालेले नाही. तिथे तीन वर्षांपासून एक मोठी धामण आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास सातभाई पक्ष्यांचा कलकलाट बाभळीखाली एकाच जागी सुरू झाला की ती निघाली असे आम्ही समजतो. तिने उंदीर आटोक्यात ठेवले आहेत. ओळीतल्या नव्या भाडेकरूंना तिची ओळख मी फाटकापाशी उभा राहून, लांबूनच करून दिली. त्यांच्या मुलीने तिचे मोजमाप घेण्याचा हट्ट धरला, तेव्हा ती कंपाउंडच्या नऊ विटांएवढी भरते असे आम्ही नजरेनेच ठरवले. आमच्या मागच्या दाराची रबराची पट्टी मात्र यंदाच्या उन्हाने कडक होऊन तडकली आहे आणि मृग लागायला आठ दिवस उरले आहेत.